खड्डा मागे राहत नाही

गणपतीला पंधरा दिवस राहिले होते. सुकेळी खिंड उतरून आलेल्या गाड्या खांबच्या नाक्यावर चहाला थांबतात, तिथे आम्ही चार-पाच जणांनी एक फलक लावला. टायर, ब्रेक, वायपर, लाइट बघा आणि मगच कोलाडकडे निघा, एवढाच मजकूर. त्याच आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या प्रश्नावर गावात सभा झाली. मुंबईत नोकरी करणारे, पण गावाबद्दल मनापासून कळवळा असलेले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. "रस्त्याची चाळण त्यांनी करायची आणि गाडी आम्ही तपासायची? उद्या अपघात झाला की आम्हालाच विचारणार, टायर कसा होता! असले फलक लावणारे लोक ठेकेदाराचे वकील आहेत." टाळ्या जोरात पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा चुलतभाऊही होता.

सभेत मी बोललो नाही. रागाच्या भरात दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं असतं, आणि हा विषय अर्धवट सोडण्यासारखा नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी त्या गृहस्थांची बाजू पुरती मांडली पाहिजे, कारण तिच्यातला मोठा भाग माझाही आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं पोर २०२३ मध्ये बारावी होऊन बाहेर पडलं, तरी काम चालूच होतं. ठेकेदार बदलले, मुदती आल्या आणि गेल्या, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, रायगडचे पत्रकार वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिले. दर गणपतीआधी पाहणी दौरे होतात, खडी टाकून खड्डे बुजवले जातात, आणि पहिल्या मोठ्या सरीत तीच खडी वर येऊन दुचाकीवाल्याच्या चाकाखाली जाते. हे आम्ही नाक्यावर बसून पाहिलंय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या नदीत गेल्या. त्या बसच्या टायरांत हवा किती होती, असं तिथे कोणी विचारलं असतं तर मीही त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. रस्ता माणूस मारतो, हे खांबच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

पण या खऱ्या गोष्टीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो जीव घेणारा आहे. त्यांचं म्हणणं असं की, दोष रस्त्याचा आहे, मग गाडीकडे बघणं म्हणजे दोष आपल्या अंगावर ओढून घेणं. यात धरून चाललेलं असतं की खड्डा रस्त्यात आहे आणि गाडी त्याहून वेगळी वस्तू आहे. चाक वर आलं, खड्डा मागे राहिला, सुटलो. तो मागे राहत नाही. तो गाडीत येऊन बसतो आणि आपल्याबरोबर प्रवास करतो.

कसा, ते सांगतो. नवं काँक्रीट संपून जुनं डांबर सुरू होतं तिथे मध्ये एक धारदार कड असते. चाक वेगात तिच्यावर आदळलं की टायरची बाजू ती कड आणि लोखंडी रिम यांच्यात चेपली जाते. टायरच्या रबराला आतून दोऱ्यांचं विणकाम धरून ठेवतं. त्यातले काही दोरे त्या क्षणी तुटतात. टायर फुटत नाही, हवा जात नाही, गाडी पुढे निघते. मग कधी तासाभरात, कधी आठवड्याने त्या जागी बाहेरून फुगा येतो, कारण आतली हवा दोरे नसलेलं रबर बाहेर ढकलत असते. असा टायर महिनाभरही चालतो. आणि एखाद्या दुपारी, पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर, जिथे एक खड्डा नाही तिथे, भर वेगात फुटतो. कागदावर कारण पडतं वेगाचं, ताबा सुटल्याचं. नागोठण्याच्या नाहीतर खांबच्या खड्ड्याचं नाव त्यात कुठेच येत नाही.

हा झाला एक प्रकार. दुसरा जास्त फसवा आहे आणि तो मी स्वतः अनुभवलाय.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. गाडीची सर्व्हिसिंग नुकतीच झाली होती. बिलात इंजिन फ्लशिंग होतं, एसीची जंतुनाशक फवारणी होती, डॅशबोर्डचं पॉलिशही होतं. चिपळूणला बारशाला निघालो होतो. गाडी जराशी डावीकडे ओढत होती, म्हणून नाक्यावरच्या पंक्चरवाल्या पोराकडे हवा बघायला थांबलो. त्याने हवा पाहिली, मग मला स्टेअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं आणि डाव्या पुढच्या चाकापाशी बसून हाक मारली, "काका, इकडे या. आत हात घाला." घातला. टायरचा बाहेरचा भाग नव्यासारखा होता, नक्षी खोल, कडा ठसठशीत. बोटं आतल्या कडेकडे सरकली तशी नक्षी उथळ होत संपली, रबर गोट्यासारखं गुळगुळीत लागलं, आणि मग बोटाला काहीतरी टोचलं. हात बाहेर काढला तर रक्ताचा ठिपका होता. टायरच्या पोटातल्या पोलादी तारा रबर संपवून बाहेर आल्या होत्या. मागच्या सीटवर आई बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझी मुलगी झोपली होती.

घडलं होतं ते असं. तो सगळा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा मी रोज नागोठणे-कोलाड करत होतो. रोजच्या दणक्यांनी पुढच्या चाकांची रांग बिघडली, चाकं समांतर न राहता पुढून किंचित फाकली. फाकलेलं चाक नुसतं फिरत नाही, प्रत्येक मीटरला थोडं घासतही जातं, आणि घासतं ते आतल्या कडेला. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला टायर ठणठणीत दिसतो. सर्व्हिसिंग करणाऱ्यानेही तसाच बाहेरून पाहिला असणार. फवारणीचे पैसे घेतलेल्या माणसाने स्टेअरिंग एकदा वळवलं असतं तर त्याला दिसलं असतं. नाही वळवलं. पण मीही तीन महिन्यांत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं, आणि गाडीत माझी माणसं बसली होती, त्याची नव्हेत.

आता त्या गृहस्थांना मला विचारायचंय. तो टायर कोणी झिजवला? रस्त्याने. रस्ता कोणी बिघडवला? त्याची उत्तरं आपल्याला सगळ्यांना पाठ आहेत. पण त्या सकाळी माझ्या आईला आणि मुलीला काय उपयोगी पडलं असतं? रस्त्याचा दोष कितीही खरा असला तरी तो त्या तारांवर रबर चढवू शकत नव्हता. रस्ता जितका वाईट, तितकं गाडीकडे वारंवार बघावं लागतं. चांगल्या रस्त्याच्या माणसाला जे सहा महिन्यांनी चालतं ते आम्हाला पंधरा दिवसांनी करावं लागतं. हा आमच्यावर अन्याय आहेच. पण अन्याय होतोय म्हणून जखम उघडी ठेवायची नसते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतही हे असतं. सर्व्हिसिंगचा नेहमीचा तक्ता सगळे वाचतात. त्याच्याच मागेपुढे खडतर वापराचं वेगळं सदर असतं, खराब रस्ते, धूळ, भरलेली गाडी, आणि तिथे किलोमीटर कमी केलेले असतात. नागोठणे-कोलाडला रोज गाडी नेणारा प्रत्येक जण त्या सदरात येतो, आणि काउंटरवर ते कोणी सांगत नाही.

"रस्ता नीट झाला की अपघात थांबतील," असंही सभेत कोणी म्हणालं. कमी होतील, नक्की होतील, आणि त्यासाठीच आपण भांडतोय. थांबणार मात्र नाहीत. समृद्धी महामार्ग पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला. गुळगुळीत काँक्रीट, सरळ रेषा, खड्डा नावाला नाही. आणि काही महिन्यांतच परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासायची, झिजलेले दिसले तर गाडी माघारी पाठवायची वेळ आली. तापलेलं काँक्रीट, तासन् तास न थांबणारा वेग आणि हवा कमी असलेला टायर हे एकत्र आलं की खड्ड्याची गरज उरत नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उलगडते, त्या घडीघडीने तापते, आणि शेवटी आतले थर सुटतात. उद्या आमच्या दारातला रस्ता समृद्धीसारखा झाला तर आजच्या सवयी घेऊन आपण त्यावर शंभरच्या वेगाने जाणार आहोत. आज खड्डे निदान वेग तरी कमी ठेवतात. (हवा बघायची ती सकाळी, टायर गार असताना. खिंड उतरून आल्यावर गरम टायरात आकडा जास्तच दिसतो, आणि शहाणपणाने हवा काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, माणसं आणि सामान भरल्यावरचा आकडाही तिथेच असतो.)

आमच्याकडच्या पावसाबद्दल वेगळं बोलायला हवं. दर वर्षी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात आपण राहतो. टायरची नक्षी शोभेची नसते. चाकाखालचं पाणी तिच्या खाचांतून बाजूला फेकलं जातं, म्हणून रबर रस्त्याला टेकतं. खाच उथळ झाली की पाण्याला जायला जागा राहत नाही, चाक पाण्याच्या पातळ थरावर चढतं, आणि मग स्टेअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबूनही काही होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी असं आहे, दुचाकीसाठी ०.८. मोजायला यंत्र लागत नाही. खाचेच्या तळाशी जागोजागी छोटे उंचवटे असतात, टायरच्या बाजूवर त्यांची खूण असते. नक्षी झिजून त्या उंचवट्याला येऊन मिळाली की टायर संपला. कायद्याची ही शेवटची रेघ आहे. कोकणातल्या जुलैसाठी ती फार खालची आहे असं माझं मत आहे, आणि मी तिच्या बऱ्याच आधी टायर बदलतो.

ब्रेक ऑइलबद्दल तर कोणी बोलतच नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि आमची हवा सहा महिने ओलीच असते. ताजं डॉट तीन प्रकारचं तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. उतारावर सतत ब्रेक धरला की चाकाजवळचं तेल तापतं, उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते. पॅडल तळाला जातं आणि गाडी चालूच राहते. दोन वर्षांनी तेल बदलायचं असतं ते यासाठी. त्यात भर म्हणून सुकेळीत आणि कशेडी घाटात गाडी न्यूट्रल करून सोडायची जुनी सवय. पेट्रोल वाचतं म्हणतात. गिअरमध्ये असलेलं इंजिन उतारावर गाडीला मागे धरून ठेवतं, न्यूट्रल केलं की तो सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मग दोन-तीनदा ब्रेक मारल्यावर पॅडल दगडासारखं होतं, कारण पायाला जोर पुरवणारी यंत्रणा इंजिनवर चालते. ज्यांनी हे एकदा अनुभवलंय ते पुन्हा करत नाहीत. अनुभव सांगायला न उरलेलेही आहेत.

"आमची गाडी नवी आहे, एबीएस आहे, एअरबॅग आहे," हा आणखी एक आवडता बचाव. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे आणि ते चांगलंच झालं. पण ते एबीएस ज्यावर काम करतं ती प्रत्येक चाकाखालची जागा आपल्या तळहाताएवढी आहे. गाडी कितीही महाग असो, चार तळहात. तिथलं रबर गेलेलं असेल तर यंत्रणा काहीही करू शकत नाही. उलट नव्या गाडीचं एक नुकसान आहे. ती आवाज आत येऊ देत नाही. जुन्या जीपमध्ये बुश गेला की खडखड कानात बसायची, लोअर आर्मचा बॉल जॉइंट ढिला झाला की स्टेअरिंग हातात थरथरायचं. आता काचा बंद, एसी चालू, गाणी चालू. बॉल जॉइंट पूर्वीसारखाच ढिला होतो, फक्त तो सांगतो ते ऐकू येत नाही. आठवड्यातून एकदा काचा खाली करून, गाणी बंद करून गावातल्या रस्त्याने एक किलोमीटर चालवा.

पैशाचा मुद्दा मात्र मी हलका समजत नाही. मिनिडोर चालवणारा, हप्त्यावर पिकअप घेतलेला माणूस म्हणतो, गॅरेजात गेलो की खिसा रिकामा होतो. खरं आहे. माझ्या बिलातली फवारणी मी वर सांगितलीच. पण मी म्हणतोय ती तपासणी गॅरेजात होतच नाही. ती अंगणात होते, दहा मिनिटांत, फुकट. चाकांभोवती फेरी मारायची, स्टेअरिंग दोन्हीकडे वळवून आतल्या कडांवर हात फिरवायचा, बॉनेट उघडून ब्रेक ऑइल, कूलंट आणि इंजिन ऑइल बघायचं, रात्री जिथे गाडी उभी होती तिथे खाली डाग आहे का पाहायचं, काचेवर तांब्याभर पाणी टाकून वायपर फिरवायचा. एप्रिल-मेच्या उन्हात वायपरचं रबर कडक होतं आणि जूनच्या पहिल्या रात्रीच ते कळतं, तोवर समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत काचेवर पसरलेला असतो. ज्याने स्वतः बघितलंय त्याला गॅरेजवाला फसवू शकत नाही. आपण काय बघितलं नाही ते गॅरेजवाल्याला ठाऊक असतं, म्हणूनच तो बिल वाढवतो. आणि चारऐवजी दोनच टायर परवडणार असतील तर नवे दोन मागच्या चाकांना घाला. सगळे पुढे घालतात. पण ओल्या वळणावर मागचा भाग सुटला की गाडी गरकन फिरते आणि नेहमीच्या चालवणाऱ्याला ती सावरत नाही.

लाइटांच्या बाबतीत तर रस्त्याचा युक्तिवाद लागूच होत नाही. गाडीचा ब्रेक लाइट चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो असतो मागून येणाऱ्यासाठी. तो बंद ठेवून फिरणारा माणूस आपल्या जिवाचा निर्णय घेत नाही, मागच्या मोटरसायकलवरच्या नवरा-बायकोचा घेतो. भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, रात्री ब्रेक दाबा, भिंतीवर दोन लाल डाग दिसले पाहिजेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टरची पट्टी लावायला चहा-वड्याएवढा खर्च येतो. भाताच्या पेंढ्याने भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्याच्या रंगाची होते. आमच्याच शेतकरी बांधवांना मी हे दरवर्षी सांगतो आणि सांगत राहणार.

आता आकड्यांकडे येऊ, कारण सभेत एका तरुणाने ते काढले. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, आणि सरकारी अहवालात यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. मग गाडीच्या बिघाडाचा बाऊ कशाला, असं त्याचं म्हणणं. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून तयार होतात, आणि नोंदीत ढोबळ कारण पडतं. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतो, पण चुराडा झालेल्या गाडीत बॉल जॉइंट आधी निखळला की आदळल्यावर, हे सांगणं जाणत्यालाही कठीण असतं. शिवाय वेग आणि टायर ही दोन वेगळी कारणं नाहीतच. साठच्या वेगाने ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी थांबते तिथे झिजलेल्या टायरची थांबत नाही. मग वेग जास्त होता की टायर वाईट होता? दोन्ही एकाच ओळीत लिहायला हवं.

सरकारकडे माझी तक्रार इथे आहे, आणि ती खड्ड्यांच्या तक्रारीइतकीच मोठी आहे. टॅक्सी-टेम्पोला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी फिटनेसला जावं लागतं. खासगी मोटार एकदा नोंदली की पंधरा वर्षं तिच्या ब्रेककडे सरकार बघत नाही. पीयूसीवाला धूर बघतो, बाकी काही नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर गाडी दरवर्षी तपासली जाते, जर्मनीत आणि जपानमध्ये पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी. त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा चांगले असूनही. आपल्याकडे रस्ते वाईट आणि पंधरा वर्षं तपासणी नाही. खासगी गाडीचीही ठरावीक काळाने, वाजवी दरात, चिरीमिरीशिवाय तपासणी झाली पाहिजे ही मागणी महामार्गाच्या सभेतूनच पुढे यायला हवी. ती येईपर्यंत आपल्या गाडीचे निरीक्षक आपणच आहोत.

काही जण दैवावर सोडतात. दसऱ्याला मीही गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. पण आमचे सुतार, लोहार दसऱ्याला हत्यारं कशी पुजतात ते आठवा. आधी गंज काढतात, धार लावतात, ढिला दांडा ठोकून बसवतात, आणि मग कुंकू लावतात. गंजलेल्या वाकसावर कुंकू लावणारा सुतार मी पाहिलेला नाही.

राहिला तो मुख्य आरोप, ठेकेदाराचा वकील. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम लाजिरवाणी आहे, पण कलम आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. आता कल्पना करा, आपल्यापैकी कोणी असा दावा घेऊन उभा राहिला. समोर ठेकेदाराचा खराखुरा वकील आहे. तो पहिला प्रश्न काय विचारेल? टायर कसा होता. ब्रेक लाइट चालू होता का. गाडी शेवटची कधी तपासली. आणि आपल्याकडे उत्तर नसेल तर खड्ड्याचा दोष तो आपल्या गळ्यात घालून निघून जाईल. ज्याच्याकडे दर पंधरवड्याला काढलेले टायरचे फोटो आहेत, तारीखवार अलाइनमेंटच्या पावत्या आहेत, एका पावसाळ्यात तीनदा रांग बिघडली हे दाखवायला कागद आहे, त्याला असं बोलता येणार नाही. अशा नोंदींची वही म्हणजे रस्त्याविरुद्धचा पुरावा आहे. नागोठणे-कोलाडच्या शंभर गाडीवाल्यांनी अशा वह्या ठेवल्या आणि त्या एकत्र नेऊन ठेवल्या, तर कुठल्याही भाषणापेक्षा त्यांचं वजन जास्त असेल. फलक आम्ही ठेकेदारासाठी लावला नाही. तो उतरवायला कोणी आलं तर दुसरा लावू.

त्या सभेनंतरचं एक सांगायचं राहिलं. लोक पांगत होते. समाजमंदिराच्या बाहेर त्या गृहस्थांची गाडी उभी होती, बायको-मुलं आत बसली होती, रात्रीच मुंबईला निघायचं होतं. मी जवळून जाताना खाली नजर गेली. डाव्या पुढच्या टायरच्या बाजूला सुपारीएवढा फुगा होता. मी त्यांना हाक मारली. "दादा, हा बघितलात का?"

मोबाइलचा उजेड धरून ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. "वाकणच्या पुढे जोरात आदळली होती येताना," ते म्हणाले. "बघा, खड्ड्यानेच झालाय."

"हो, खड्ड्यानेच झालाय," मी म्हटलं. "पण मुलं यावरच बसवून नेणार का?"

ते काही बोलले नाहीत. मुलांना खाली उतरवलं, डिकीतली तांदळाची गोणी आणि वालाची पिशवी बाहेर ठेवली, दोघांनी मिळून स्टेपनी काढली. जमिनीवर टाकली तर ती उसळली नाही, थपकन बसली. हवा नव्हती. पंक्चरवाल्याचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. त्यांनी जॅक लावायला घेतला आणि मी पंप आणायला घरी गेलो.